पिठाचा भागाकार

तुमचं काम काय, असं कुणी विचारलं की माझं डोकं फिरतं. उत्तर दिलं की समोरचा हमखास म्हणतो, "म्हणजे नक्की काय?" तर ऐका. पवनचक्की जन्माला येते तिथपासून मातीत जाते तिथपर्यंत ती जगाचं किती वाटोळं करते, हे मी मोजते. हो, करते. वारा फुकट असतो, चक्की नसते. लोखंड खाणीतून येतं, पायात सिमेंट ओततात, पाती काचेच्या धाग्यांची आणि रेझिनची बनतात, ती वाहून न्यायला अख्खी गल्ली अडवणाऱ्या गाड्या लागतात. आणि म्हातारी झाली की चक्की उतरवून ती पाती बहुतेक वेळा कापून खड्ड्यात पुरतात, कारण त्यांचं दुसरं काय करायचं हे अजून कुणाला नीट सुचलेलं नाही. ह्या सगळ्याचा धूर, सांडपाणी, आजारपणं एकत्र करायची आणि त्या चक्कीने जन्मभर जेवढी वीज दिली तिने भागायची. एका युनिट विजेमागे किती पाप, एवढाच आकडा काढायचा. झालं माझं काम.

आकडा नेहमी छोटा येतो. कोळशाच्या शेजारी ठेवला तर फारच छोटा. दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात ना, तशी ही वीट खरंच मऊ आहे. मी हे पोटासाठी बोलत नाही, मला मनापासून पटलेलं आहे. म्हणून तर पुढचं सगळं जास्त झोंबतं.

माझा दादा पात्यांच्या कारखान्यात घासाईला होता. साच्यातून निघालेलं पातं खडबडीत असतं, वाऱ्याला ते गुळगुळीत लागतं. मग हातातलं मशीन धरून माणसं ते टोकापासून टोकापर्यंत घासत जातात. त्यातून जी पांढरी पूड उडते तिला तिथे सगळे पीठ म्हणतात. दादा घरी यायचा तो भुवयांपर्यंत पांढरा होऊन. आम्ही म्हणायचो, "काय गिरणीवाले, आज दळण जास्त होतं वाटतं?" घरात नियम होता, गिरणीवाल्यांची आंघोळ झाल्याशिवाय कुणी जवळ जायचं नाही. काचेची बारीक कुसळं ती, अंगाला लागली की खाजवून खाजवून जीव जायचा. आम्ही ते सगळं हसण्यावारी न्यायचो, कारण रोजच्या गोष्टीचं रोज रडणार कोण.

आता दादाच्या छातीत ते पीठ बसलंय. तो खिडकीशी खुर्चीत असतो, नाकात नळी, शेजारी ऑक्सिजनचं मशीन, दिवसभर घरघर घरघर. डॉक्टरांनी विचारलं, "सिगारेट ओढायचात?" दादा म्हणाला, "नाही, पातं ओढायचो." डॉक्टर हसले नाहीत.

त्याच्या जागी कारखान्याने वहिनींना घेतलं. माणुसकी म्हणून, असं त्यांनीच सांगितलं. माणुसकी कशी, तर त्याच हॉलमध्ये, त्याच मशीनवर. कामावर असलेल्याच्या घरातल्यांना कारखान्याचं दवाखान्याचं कार्ड मिळतं, आणि दादाचं मशीन, औषधं, दर महिन्याची तपासणी, सगळं त्या कार्डावर. म्हणजे दादाने श्वास घ्यावा म्हणून वहिनींनी पीठ खायचं. असा हिशोब मी माझ्या उभ्या नोकरीत बघितला नव्हता.

त्याच कारखान्याच्या पात्यांचा अभ्यास आमच्या ऑफिसकडे आला, आणि त्या रविवारी मी दादाकडे गेले तर त्याला आधीच सगळं माहीत.

"ठमे," तो म्हणाला. मी पन्नाशीला टेकले तरी त्याच्यासाठी ठमीच. "तुझ्या त्या हिशोबात आमचं पीठ येतं का गं?"

"नाही येत."

"का? वजनाला कमी पडतं?"

"तसं नाही रे. नियम आहे. कारखान्याच्या भिंतीबाहेर जे पडतं ते पर्यावरण. आत राहिलं तर ते आमच्याकडे येत नाही, ते कामगार खात्याचं."

दादाने खिडकीकडे बघितलं. मग म्हणाला, "म्हणजे मी रोज खिडकीतून डोकं बाहेर काढून शिंकलो असतो तर आलो असतो?"

आम्ही दोघं हसलो. हसलं की त्याला धाप लागते, म्हणून लगेच थांबलो. तेवढ्यात वहिनी आतून हात पुसत आल्या.

"हसू नका, नीट ऐका," त्या म्हणाल्या. "आम्ही सगळ्यांनी मिळून मॅनेजरला सांगितलंय, हॉलला सक्शन बसवा. मशीनलाच पाइप, उडालेलं पीठ तिथल्या तिथे ओढून घ्यायचं. तो म्हणाला, अभ्यास चाललाय, त्यात पिठाचं काही निघालं तर बसवू. सगळ्यांसमोर म्हणाला. आता वन्सं, तुमच्या हातात आहे."

"ह्याला म्हणतात दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक," मी म्हणाले.

"असू दे ना," दादा म्हणाला. "ठमे, मी गेल्यात जमा आहे. तोंड वाकडं करू नकोस, खरं तेच बोलतोय. पण हिची छाती अजून हिची आहे. मला घाल त्या हिशोबात. मी दिसलो की सक्शन बसेल. बाकी काही मागत नाही."

त्याने कधी काही मागितलंच नव्हतं. माझं शिक्षण केलं तेव्हाही नाही, नंतरही नाही. मी म्हणाले, घालते.

ऑफिसात सरांनी पहिलंच वाक्य टाकलं, "तुझा भाऊ तिथे होता हे लेखी दे, आणि भावना घरी ठेव."

"भावना घरीच आहे सर. नळी लावून बसली आहे."

सर वाईट माणूस नाही, पण त्यांना भांडणाचा कंटाळा. त्यांनी मला प्राध्यापकांकडे ढकललं. आमच्या प्रत्येक अभ्यासावर एक बाहेरचा माणूस नजर ठेवतो, आम्ही लबाडी करू नये म्हणून. ह्या वेळी ते प्राध्यापक होते. किडकिडीत, चष्म्याला दोरी, टेबलावर प्रत्येक पेन्सिलीला टोक. ते म्हणाले, "बाई, नियम मी केलेला नाही. आतली हवा आपण मोजत नाही."

"मग त्या हवेत जे नाक असतं ते कुणाच्या खात्यात?"

"ते मला माहीत नाही."

"मलाही नाही. म्हणून मोजू या."

पुष्कळ दिवस मी त्यांच्या नाकी नऊ आणले. पत्रं लिहिली, फोन केले, एकदा तर त्यांच्या कॉलेजच्या जिन्यात गाठलं. शेवटी ते म्हणाले, "मोजा. पण जे एकाला लावाल ते सगळ्यांना लावा. खाणीतल्या माणसालाही, सिमेंटच्या भट्टीवरच्यालाही. आणि माप तेच राहील, एका युनिट विजेमागे." मी कबूल झाले. नाही म्हणायला जागाच नव्हती, माणूस न्यायाचं बोलत होता. घरी फोन करून दादाला सांगितलं, आलास तू हिशोबात. पलीकडून त्याने टेबलावर थाप मारल्याचा आवाज आला. मला वाटलं, जिंकले.

पिठाचं माप घ्यायला मी कारखान्यात गेले. हॉल इतका लांब की दुसऱ्या टोकाचा माणूस ओळखू येत नाही. मधोमध पातं आडवं, त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं, आणि सगळ्यावर धुकं. खिडक्यांवर पीठ, दिव्यांवर पीठ, पाण्याच्या पिंपाच्या झाकणावर कुणीतरी बोटाने हसरं तोंड काढलेलं. कागदी मास्क मिळतात, पण घामाने दुपारपर्यंत त्यांचा लगदा होतो. म्हणून बायका आतून ओलं फडकं बांधतात.

मी एकेकाच्या कॉलरला छोटा पंप अडकवत होते. तो श्वासाजवळची हवा ओढतो आणि आतल्या गोल कागदावर धूळ जमा करतो. वहिनींजवळ आले तर त्या ओळख नसल्यासारख्या उभ्या. मग फडक्याआडून हळूच म्हणाल्या, "वन्सं, हे लावल्यावर माझा फोटो बरा येईल ना?" शेजारची फिस्सकन हसली. तिने मला विचारलं, "ताई, सक्शन कधी येणार?" तिच्या पलीकडच्यानेही तेच विचारलं. जसं काही मी ते पर्समध्ये घालून आणलं होतं. मी म्हणाले, येईल. काय म्हणणार दुसरं?

संध्याकाळी पंप उघडले तर त्यातले कागद खरवडून काढावे लागले, इतका थर. मला मेलीला आनंद झाला. मनात म्हटलं, आता बघतेच कोण नाही म्हणतं.

त्याच दिवशी वहिनींबरोबर दादाच्या घरी गेले. त्या दारातूनच सरळ मोरीकडे वळल्या. मोरीचं दार लागलं तसं दादाने हात लांबवून ऑक्सिजनचं मशीन बंद केलं.

"अरे, काय करतोस!"

"डोकं उठतं गं त्या घरघरीने. दिवसभर ऐकतोय. जरा शांतता हवी."

"शांततेपायी जीव द्यायचाय का?"

"आंघोळीपुरतं तर बंद करतो, लगेच चालू करतो. तू गप बस." आत पाण्याचा आवाज येत होता. दादा डोळे मिटून बसला होता, ओठ थोडे निळसर. वहिनी बाहेर येऊन केस झटकायला लागल्या, तेव्हा त्याने मशीन लावलं. मी त्याला हट्टी म्हणाले आणि विषय सोडला.

मग मी आकडे मांडायला बसले. पीठ किती, माणसं किती, किती वर्षं, त्यातून निरोगी आयुष्याची किती वर्षं जातात. तिथवर आकडा भरघोस होता. दादा त्यात सबंध दिसत होता, खुर्चीसकट. त्यानंतर भागाकार आला. हा एक कारखाना किती पाती काढतो, त्या पात्यांवर किती चक्क्या फिरतात, त्या चक्क्या त्यांच्या जन्मभरात किती वीज देतात. शहरंच्या शहरं उजळतात त्या विजेवर. लाखो घरांतले दिवे, पंखे, फ्रिज. आणि त्या सगळ्यांनी माझ्या भावाला भागायचं.

हे होणार हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. पण मला वाटलं होतं, बारीक का होईना, रेघ उरेल. कॉम्प्युटरवर आलेख काढला. लोखंड निळं, सिमेंट करडं, वाहतूक नारिंगी. पीठ दिसेना. मी चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं, शेवटी सगळा पडदा नुसता करडा झाला आणि पीठ नव्हतंच. मग लक्षात आलं. एक टक्क्याच्या खालचं जे काही असतं ते आमची प्रणाली आपोआप गोळा करून एका कप्प्यात टाकते. कप्प्याचं नाव इतर. मी तो उघडला. ग्रीस, रंग, नटबोल्ट, वॉशर, आणि दादा.

सगळं परत तपासलं. कुठेतरी शून्य चुकलेलं असू दे म्हणून देवाला हात जोडले. पण आकडा बरोबर होता. प्राध्यापकांना फोन केला, "निदान एक पान वेगळं द्या. भागाकार न करता, एका पात्यामागे किती माणसांचा श्वास जातो ते."

"मग खाणीचंही तसंच पान द्यावं लागेल. भट्टीचंही. तुम्ही मोजलंत ना त्यांनाही? ते किती आले?"

"तेही इतरमध्येच."

"आकडा चुकलाय का बाई?"

"नाही."

 मग ते म्हणाले, "मला वाईट वाटतं." खरंच वाटत होतं त्यांना. वाईट वाटणाऱ्या माणसाशी भांडताही येत नाही.

सरांशी मात्र भांडले. त्यांनी सारांशात वाक्य घातलं होतं, 'कामगारांच्या आरोग्यावरील परिणामही तपासण्यात आला. तो नगण्य आढळला.'

"हे काढा."

"खोटं आहे का?"

"एका युनिटमागे नगण्य. हॉलमधल्या माणसाला नगण्य नाही."

"मग तसं परिशिष्टात लिही."

लिहिलं. एक अख्खं पान लिहिलं, ठळक अक्षरांत, की हा आकडा विजेचा आहे, माणसाचा नाही, आणि ह्यावरून हॉल सुरक्षित आहे असं कुणीही समजू नये. ते पान अहवालाच्या तळाशी गेलं. तिथे फक्त मी आणि प्रूफ तपासणारा पोचलो असू.

दादाला मी स्वतः जाऊन सांगितलं. फोनवर जमलं नसतं.

"किती आलो?" त्याने उत्साहाने विचारलं. दाढी केली होती त्याने त्या दिवशी.

"आलास. पण भागाकारात गेलास."

"म्हणजे?"

मी सगळं समजावलं, वीज, घरं, दिवे. तो लहान मुलाचं ऐकावं तसं माझं ऐकून घेत होता. शेवटी त्याने छताकडे बघितलं, पंख्याकडे, दिव्याकडे.

"म्हणजे ज्यांनी ज्यांनी दिवा लावला त्यांनी मला थोडं थोडं वाटून घेतलं."

"हो."

"मग वाटून घेतलं तर माझ्या वाट्याला हे एवढं कसं राहिलं गं?"

 मी रडले. सरळ हुंदके देऊन रडले, तोंड लपवलं नाही. त्याने माझ्या डोक्यावर टपली मारली आणि म्हणाला, "ठमे, तू रडलीस की तुझं नाक फार घाण दिसतं."

आठवडा नाही गेला तोच वहिनींनी सांगितलं. हॉलच्या दारात, मास्कच्या खोक्याच्या वरती, नवा फलक लागला होता. आमच्या अहवालाचं मुखपृष्ठ, आमच्या ऑफिसचं नाव, आणि मोठ्या अक्षरांत सारांशातलं ते 'नगण्य'चं वाक्य. मॅनेजरने सगळ्यांना बोलावून वाचून दाखवलं. म्हणाला, बघा, बाहेरच्या तज्ज्ञांनी तपासलं, तुमच्या कॉलरला पंप लावून तपासलं, आता शंका नको. शेजारचीने वहिनींना विचारलं, "त्या ताई तुमच्या नणंद ना?" वहिनी म्हणाल्या, "हो." बस, एवढंच झालं.

"आधी निदान म्हणता यायचं, कुणी मोजलेलंच नाही," दादा म्हणाला. "आता मोजलंय. हात दाखवून अवलक्षण."

मी तडक मॅनेजरकडे गेले. चकचकीत केबिन, काचा बंद, हवा गाळणारं यंत्र कोपऱ्यात गुणगुणत होतं. मी म्हणाले, "परिशिष्ट वाचा."

"मॅडम, आमच्याकडे सारांशच येतो." अगदी नम्र. खुर्ची दिली, पाणी दिलं. "आणि अहवाल तुमचाच ना?"

"वाक्याचा अर्थ तो नाही."

"मग तुम्ही तसं वाक्य का लिहिलंत?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी म्हणाले, फलक तरी काढा. भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत. ते म्हणाले, वर विचारतो. वर म्हणजे कुठे, ते त्यांनी सांगितलं नाही. येताना बघितलं, तर फलकाला तेवढी काच लावली होती, पीठ बसू नये म्हणून.

तिथून मी दादाकडे गेले. संध्याकाळ होत आली होती. मी म्हणाले, "वहिनींना सोडायला लाव ती नोकरी. मी बघेन सगळं."

"कार्ड बघशील?"

"कुठून तरी करू."

"कुठून?" त्याने रागाने नाही, खरंच विचारलं.  तेवढ्यात सरांचा फोन आला. आवाजात उत्साह. अहवाल फार आवडलाय म्हणे सगळ्यांना. आणखी काही कारखान्यांनी चौकशी केली आहे, त्यांनाही कामगारांच्या आरोग्याचं प्रकरण घालून हवंय. "तुझ्यामुळे ही नवी पद्धत पडली," सर म्हणाले. "आधी घाबरायचे लोक. आता स्वतःहून मागताहेत." मी फोन उलटा करून ठेवला.

"काय म्हणतात?" दादाने विचारलं.

"कौतुक करतात."

दार वाजलं. वहिनी आल्या, भुवयांपर्यंत पांढऱ्या. लांबूनच म्हणाल्या, "बसा वन्सं, आलेच," आणि मोरीत गेल्या. दार लागलं. दादाने हात लांबवून मशीन बंद केलं.

ह्या वेळी मी ओरडले नाही. घर एकदम शांत झालं आणि त्या शांततेत मी त्याचा चेहरा बघितला. डोळे मिटलेले, मान मोरीच्या बाजूला कललेली. घरघरीचा कंटाळा वगैरे काही नव्हता. रोज संध्याकाळी, स्वतःचा श्वास बंद करून, तो तिचा ऐकत होता.

पाणी पडत होतं. बादली सरकली. तांब्या वाजला. मग पाण्याआडून खोकल्याचा आवाज आला, कोरडा, छोटा. थांबला. परत आला, आणि ह्या वेळी लांबला.

दादाने डोळे उघडले. मी म्हणाले, "ठसका असेल रे. पाण्याचा."  आतला खोकला थांबेपर्यंत तो तसाच बसून राहिला, ओठ निळे पडत गेले तरी. मग त्याने हात लांबवला आणि मशीन चालू केलं.